विहीर खणली, माती कुणी वाहायची?

(सोलापूर जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण भावाबद्दल बोलतो आहोत, कर्जाबद्दल बोलतो आहोत. मला दिलेला विषय या सगळ्याच्या खालचा आहे. खालचा म्हणजे अगदी जमिनीच्या पोटातला. उतारावर बाग आहे, आत ट्रॅक्टर जात नाही, बैलगाडी जेमतेम जाते किंवा तीही जात नाही. अशा जागी विहीर खणली किंवा शेततळं घेतलं, तर निघालेली माती, मुरूम आणि दगड न्यायचा कुठं आणि कसा? सांगोल्याकडच्या माळावरची माणसं हे विचारतात, बार्शीच्या बालाघाटाकडच्या अंगाची माणसंही विचारतात. ज्यांचं सगळं रान सपाट काळ्याचं आहे त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. त्यांनी जरा दम धरावा. शेवटी वाटेचा विषय येणार आहे आणि तो सगळ्यांचाच आहे.

आधी हिशेब मांडू, कारण हिशेब न मांडता कामाला हात घातला की मधेच दागिना गहाण पडतो.

पंचवीस फूट रुंदीची गोल विहीर धरा, चाळीस फूट खोल. साडेबाराचा वर्ग, गुणिले सव्वातीनला थोडं कमी, गुणिले चाळीस. साधारण १९,६०० घनफूट होतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे १९६ ब्रास. हे झालं खड्ड्याचं माप. पण जमिनीत दाबून बसलेली माती एकदा उकरली की फुगते. काळी माती साधारण चौथा हिस्सा फुगते, मुरूम त्याहून थोडा जास्त आणि सुरुंग लावून काढलेला दगड तर दीडपटीच्या पुढं जातो. सगळं मिळून सरासरी तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त वाढ धरली, तर १९६ ब्रासच्या खड्ड्यातून २६५ ब्रासचा ढीग निघतो. ट्रॉलीत एक ब्रास मावतो असं धरा, तर झाल्या २६५ खेपा. वजन काढायचं तर खड्ड्यातला एक ब्रास पावणेसहा टनांच्या आसपास. म्हणजे अकराशे टन माल. पंधरा किलोचं घमेलं धरलं तर ७४ हजार घमेली.

ही ७४ हजार घमेली कुणाच्या डोक्यावरून गेली? खणणारा गडी खड्ड्यात असतो आणि चुंबळ बाईच्या डोक्यावर असते. आपल्या जिल्ह्यानं हे नवीन पाहिलेलं नाही. एकरूखचा तलाव असो की १८७६-७७ च्या दुष्काळातलं आष्टीच्या तलावाचं काम असो, ते भराव माणसांनी पाट्यापाट्यांनी रचले. १९७२ च्या दुष्काळात तर १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामावर होती आणि सोलापूर त्यात आघाडीवर होतं. इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या कामांची मापं अजून तोंडपाठ असतील. त्या कामांवरचे दोन शब्द मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत: लीड आणि लिफ्ट. माती किती लांब न्यायची ते लीड, किती वर चढवायची ते लिफ्ट. सरकारी दरात साधारण पन्नास मीटर लीड आणि दीड मीटर लिफ्ट मूळ मजुरीत धरलेली असते, त्यापुढं वेगळा दर. म्हणजे माती लांब नेणं आणि वर चढवणं याला पैसे पडतात हे सरकारला ठाऊक आहे. ज्वारीचा उत्पादन खर्च काढताना मात्र या विहिरीच्या मातीचं घमेलं कुणी कधी मोजल्याचं मला आठवत नाही. ते असो.

आता कामाचं बोलू. उतारावरच्या मातीचं पहिलं सूत्र असं की, जेवढी माती हलवायची गरज नाही तेवढी हलवू नका. ऐकायला सोपं वाटतं. पण बहुतेक जण विहीर खणायला लागल्याच्या पहिल्याच दिवशी चूक करतात, सगळं एकाच ढिगात टाकतात. वरची दोन-तीन फूट काळी किंवा तांबूस माती, तिच्याखालचा पांढरट चुनखडीचा थर, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. हे सगळं एकावर एक पडलं की वरची सोन्यासारखी माती तळाला गाडली जाते आणि माथ्यावर चुनखडी येते. पुढं तीच चुनखडी रानात पसरली की ज्वारी पिवळी पडते, केवडा पडतो. मग माणूस बियाण्याला दोष देतो. चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही, त्याला बियाणं काय करणार?

म्हणून ढीग तीन करा. वरची माती वेगळी. ती बागेबाहेर न्यायचीच नाही, ती झाडांच्या आळ्यात जाते, पातळ रानावर जाते. घमेल्यानं आपल्याच बागेत दोन ओळी पलीकडं नेली की संपलं. दगड वेगळा. त्यातला मोठा दगड विहिरीच्या बांधकामाला, ताली घालायला आणि ओघळीत बांध टाकायला लागतो. मधला मुरूम आणि चुनखडी एवढाच खरा प्रश्न उरतो. वरची माती आणि दगड जागच्या जागी मुरवले, तर २६५ खेपांतल्या निम्म्या तरी वाचतात.

दुसरी गोष्ट ढिगाच्या जागेची. विहिरीच्या काठावर ढीग घालू नका. वरचा मऊ थर जेवढा खोल, निदान तेवढं अंतर काठापासून सोडा. त्या ढिगाचं शेकडो टन ओझं मऊ थरावर पडतं आणि पहिल्या मोठ्या पावसात काठ आत येतो. आत गडी काम करत असला तर काय होतं हे सांगायला नको. आणि ओघळीच्या तोंडाशीही ढीग नको. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो पडतो कसा? दोन-चार वळवाचे आणि एक-दोन परतीचे असे दणके असतात, बाकी सगळी भुरभुर. असा एक दणका ओघळीवरचा मोकळा मुरूम उचलतो आणि खालच्या शेजाऱ्याच्या ज्वारीवर नेऊन टाकतो. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झालं. उतारावरून पाण्याबरोबर माती किती जाते याची मोजमापं तिथं त्या दशकातच सुरू झाली. आधी बसलेली मातीसुद्धा वाहून जाते, मग उकरलेली मोकळी माती काय थांबणार? ढिगाच्या पायथ्याला उतारावर आडवी दगडांची ओळ लावा. तिच्या आतल्या बाजूनं पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या पेंढ्या दाबून बसवा. कपाशी काढल्यावर पऱ्हाटी जाळतोच आपण, त्यापेक्षा हे बरं. पाणी गाळून जातं, मुरूम मागं राहतो.

आता उरलेला मुरूम न्यायचा कसा? इथं उताराशी भांडायचं नाही, त्याला कामाला लावायचं. माती खाली नेणं स्वस्त, वर नेणं महाग. बागेची वाट वरच्या अंगाला आहे म्हणून माल वरच नेला पाहिजे असं काही नाही. खालच्या अंगाला स्वतःचा बांध आहे का, पडीक तुकडा आहे का, ओघळ आहे का, ते आधी पाहा. उतारावर समपातळीत आडव्या ताली टाकल्या तर हाच मुरूम त्यांच्या पोटात जातो, वरून काळ्या मातीचा थर दिला की झालं. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर बांधबंदिस्तीसाठी लांबून माती आणावी लागली होती. तुमच्या घरात ती आपण होऊन आली आहे.

खाली न्यायला पन्हळ करता येते. जुने गुळगुळीत पत्रे वाकवून किंवा पिंपांचे दोन्ही तळ काढून ती एकात एक साखळीनं अडकवून उतारावर टाका. वर माती ओतली की खाली जाते. उतार मात्र चांगला खडा पाहिजे. उभ्या-आडव्याचं माप जवळजवळ सारखं असेल तरच माती घसरते. माती ओली असेल तर पत्र्याला चिकटते, तेव्हा सकाळच्या दवात खोळंबू नका, ऊन चढू द्या. खालच्या तोंडाशी मातीचा बुंधा करा आणि माल सुटत असताना तिथं कुणी उभं राहायचं नाही. पोरं तर नकोतच. दगड पन्हळीतून सोडायचा नाही. तो उडी मारतो आणि कुठं जाईल सांगता येत नाही.

वरच न्यायचं असेल तर? मग मोटेची आठवण काढा. मोटेची धाव कशी असायची? विहिरीकडून लांब उतरत जाणारी. बैल उतारावरून खाली चालायचे आणि त्यांच्या अंगाचं वजन पाणी वर ओढायला कामी यायचं. हे ज्यानं पहिल्यांदा केलं त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. तीच गोष्ट इथं चालते. चढाच्या माथ्यावर पक्कं चाक बसवा, त्यावरून सोल टाका. सोलाच्या एका टोकाला पत्र्याची घसरती पेटी, दुसऱ्या टोकाला बैलजोडी. बैल उताराला चालतील तशी भरलेली पेटी वर येते. खाली न्यायचं असेल तर दोन पेट्या एकाच सोलाला बांधा. भरलेली खाली जाताना रिकामीला वर ओढून आणते, बैलही लागत नाहीत. फक्त सोलाला एका जाड खुंटाभोवती दोन वेढे द्या, म्हणजे एक माणूस हातानं वेग आवरू शकतो. वेढे न देता हातानं सोल धरला तर तळव्याची कातडी जाईल.

हेही नसेल तर माणसांची साखळी. याचा हिशेब कुणी करत नाही म्हणून सांगतो. पंधरा किलोचं घमेलं घेऊन बाई चढ चढते तेव्हा ती आपलं स्वतःचं पन्नास किलोही वर नेत असते आणि रिकाम्या हातानं परत उतरते. म्हणजे पंधरा किलोच्या कामासाठी पासष्ट किलो वर चढले. त्याऐवजी दहा जणांनी तीन-तीन फुटांवर उभं राहून घमेलं हातोहात दिलं, तर फक्त घमेलंच चढतं. तीस फुटांच्या आतलं खडं अंतर असेल तर याहून बरी रीत नाही. त्यापेक्षा लांब असेल तर माणसं पुरत नाहीत.

लांबची अरुंद वाट असेल तिथं गाढव. हसू नका. डाळिंबाची बाग साडेचार बाय तीन मीटरवर असते. झाडं वाढली की मधून ट्रॉली नेली तर फांद्या मोडतात, फळ गळतं. गाढव दोन फुटांच्या बांधावरून जातं, वळतं आणि त्याला डिझेल लागत नाही. ओझ्याच्या जनावरांबद्दल १९६५ चे नियम आहेत, त्यात गाढवाला पन्नास किलोची मर्यादा आहे. आपल्या विहिरीचा सगळाच माल गाढवांवर न्यायचा म्हटलं तर २२ हजार खेपा होतात. दहा गाढवं दिवसाला चाळीस-चाळीस खेपा करतील तर पंचावन्न दिवस. तीन ढीग केले असतील तर त्याच्या निम्मे. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो तो काही उगीच नाही. माती वाहणाऱ्या वडार, कैकाडी, कुंभार, बेलदार भावांचं पोट त्यावर चाललं. मातीचा उतार आणि थर त्यांना एका नजरेत कळतो. विहिरीची जागा आखायच्या आधी त्यांच्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला रानात नेऊन माल कुठून निघेल हे विचारा. इंजिनिअरच्या आधी विचारलं तरी चालेल.

शेततळ्याचं गणित याहून मोठं आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यातलं तीस बाय तीस बाय तीन मीटरचं तळं घ्या, बाजू पंचेचाळीस अंशांत उतरत्या. २,१९६ घनमीटर माती निघते, म्हणजे पावणेआठशे ब्रास. ही घमेल्यानं हलवण्याची गोष्टच नाही. म्हणून उतारावर शेततळं असं आखा की खणलेल्या मातीतूनच खालच्या अंगाचा भराव व्हावा. निम्मं खणून, निम्मं भरून. तरीही माती उरते. ती पसरायला पोकलेन वापरा, पण जिथं यंत्र पोचत नाही तिथं जुनी केणी अजून काम देते. बैलजोडी आणि केणी जवळच्या अंतरात माती ओढून टाकायला कशालाही हार जात नाही.

पैशाचा एक चिमटा सांगून ठेवतो. ठेकेदाराशी दर ठरवताना ब्रास कुठला ते आधी बोला. खड्ड्यातला १९६ ब्रास की ट्रॉलीतला २६५ ब्रास? दर खड्ड्याच्या मापानं बोलायचा आणि बिल ट्रॉलीच्या खेपांनी करायचं, हा खेळ सगळीकडं चालतो. यात सत्तर ब्रासचा फरक आहे. खणताना मधे मापासाठी मातीचा उभा खुंट सोडायला सांगा, शेवटी माप झाल्यावर तो काढा. आणि ठरलेलं कागदावर लिहून घ्या. मजुरांनाही तेच माप लागू करा. ठेकेदाराकडून एका मापानं घ्यायचं आणि वडाराला दुसऱ्या मापानं द्यायचं, असं आपल्यातलं कुणी करत असेल तर त्यानं भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला नावं ठेवू नयेत.

आता ट्रॅक्टर अडवण्याचं. आपल्याच विहिरीचा मुरूम आपल्याच दुसऱ्या गटात नेताना रस्त्यात गाडी अडवली, रॉयल्टी मागितली, अशा तक्रारी येतात. गौण खनिजाचा परवाना नसेल तर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंडाची तरतूद महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे, त्यामुळं माणूस घाबरतो. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सांगितलं की, नुसती माती उकरली म्हणून ती गौण खनिज होत नाही, ती कशासाठी वापरली ते पाहायला हवं. तिथं पायाची माती त्याच जागेवर वापरलेली होती. निकाल बिल्डरांनी मिळवला, उपयोग आपल्यालाही आहे. मात्र याचा अर्थ मुरूम विकायला मोकळीक असा नाही. रस्त्याच्या ठेकेदाराला माल द्यायचा असेल तर आधी तहसीलमधून परवाना काढा. आपल्याच रानात जिरवायचा असेल तर विहीर खणण्यापूर्वी तलाठ्याकडं लेखी कळवून पोच घेऊन ठेवा. पोच खिशात असली की बोलताना आवाज बदलतो.

आणि तलावातला गाळ आपल्या रानात आणायला सरकार पैसे देतं हेही ध्यानात असू द्या. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ २०१७ ला आलं. २०२३ पासून लहान शेतकऱ्याला एकरी पंधरा हजारांच्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत अनुदान ठरलं. उतारावरचं पातळ रान असेल तर मुरूम बाहेर गेलेल्या गाडीनं परतताना गाळ आणावा, रिकामी खेप परवडत नाही.

शेवटी वाट. सांगितलेल्या सगळ्या युक्त्या वाट नसल्यामुळं कराव्या लागतात. गट नकाशावर वाट असते, वाटण्या होतात, चार भावांत चार पट्ट्या पडतात आणि मागच्या पट्टीवाल्याला आत जायला आकाशातून उतरावं लागतं. वाटणीपत्रात विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या लिहितात, रस्ता लिहीत नाहीत. लिहा. लेकीबाळींचा हिस्सा लिहितानाही रस्त्यासकट लिहा.

वाट अडली असेल तर दोन दारं आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. चालू असलेली जुनी वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५. त्याला अडवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, भाऊबंद उद्या ऐकेल म्हणून वर्ष काढलं तर दार बंद होतं. वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल तर १९६६ च्या महसूल संहितेचं कलम १४३, तेही तहसीलदाराकडंच. मे २०२५ मध्ये शासनानं शेतरस्ते तीन-चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असा निर्णय काढला. निर्णय निघाला म्हणजे मोजणीवाला बांधावर आला असं होत नाही, अर्ज आपणच करायचा आहे.

पण अर्जाच्या आधी शेजारी. आपल्याकडं रब्बी ज्वारी फाल्गुनात निघते. तिथून पुढं ते रान हस्ताच्या पेरणीपर्यंत मोकळं असतं. चैत्र-वैशाखात शेजाऱ्याच्या मोकळ्या ज्वारीच्या रानातून महिनाभर ट्रॉली जाऊ द्या म्हटलं तर बहुतेक माणूस नाही म्हणत नाही. नाही म्हणतो तो दुसऱ्या कारणासाठी. चाकाखाली काळं रान दगडासारखं दबतं आणि नांगरायला दुप्पट खर्च येतो, हे त्याला माहीत असतं. तेव्हा विचारायला जातानाच सांगा की एकाच चाकोरीनं जाईन, वळवाच्या पहिल्या पावसाआधी थांबेन आणि जाताना तो पट्टा माझ्या खर्चानं नांगरून देईन. वर दोन ट्रॉली मुरूम त्याच्या खळ्यापुढं टाकून द्या. त्याच्या अंगणात चिखल होतोच.

ज्यांचे वाटेचे अर्ज पडून आहेत त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या मागं थांबावं. सोबत सातबारा आणि गट नकाशाची नक्कल असेल तर एकेक पाहू. नक्कल नसेल त्यांनी गट नंबर आणि वाट कधी अडली ती तारीख सांगावी. सहा महिने पुरे व्हायला आलेत त्यांना आधी घेऊ.